टेफ्लॉनच्या वाटीचा धडा

गेल्या महिन्यात जवळच्या एका तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोलण्याचा योग आला. दहावी होऊन नुकतीच आलेली मुले-मुली. त्यांच्या अभ्यासक्रमात 'मटेरिअल आणि त्यांचे गुणधर्म' हा धडा सुरू होता आणि या गुणधर्मांचा माणसाच्या शरीराशी काय संबंध येतो, हे एखाद्या डॉक्टरने सांगावे अशी त्यांच्या सरांची इच्छा होती. मी हाडांचा डॉक्टर नाही, फिजिशियन आहे. पण सरकारी रुग्णालयात खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे हृदय, रक्तदाब, साखर तपासून 'फिटनेस' देण्याचे काम आमच्याकडे असते. त्यामुळे आमच्या अस्थिरोग विभागातून एक नमुन्याचा कृत्रिम खुबा मागून घेतला आणि तो टेबलावर ठेवला. एक धातूचा दांडा, त्याच्या टोकाला गुळगुळीत गोळा आणि तो गोळा ज्यात फिरतो ती पांढरी वाटी.

मी मुलांना विचारले, ही वाटी कशाची करावी? त्यांच्या पुस्तकात घर्षणगुणांकाचा तक्ता होता. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी तक्ता पाहून म्हणाली, टेफ्लॉनची. कारणही तिने बरोबर दिले. पोलादावर टेफ्लॉनचे घर्षण ०.०४, म्हणजे तक्त्यात सर्वांत कमी. साध्या पॉलिथिलीनचे त्याच्या कितीतरी पट जास्त. सगळ्या वर्गाने माना डोलावल्या.

तक्त्याप्रमाणे उत्तर बरोबरच होते. १९५०च्या दशकात मँचेस्टरच्या एका नामांकित शल्यचिकित्सकाने नेमके हेच उत्तर काढले होते. त्या उत्तराची किंमत जवळपास तीनशे रुग्णांना मोजावी लागली. आज जगभर दरवर्षी लाखो लोक नव्या खुब्यावर चालू लागतात, तेही याच माणसामुळे. त्या दिवशी मी मुलांना त्यांचीच गोष्ट सांगितली. ते होते सर जॉन चार्नली.

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातल्या बरी या गावी झाला. हा सगळा कापडगिरण्यांचा मुलूख. वडील औषधविक्रेते, आई प्रशिक्षित परिचारिका. गावातल्या शाळेत शिकून ते मँचेस्टरला वैद्यकीय शिक्षणासाठी गेले. १९३५मध्ये डॉक्टर झाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, शल्यचिकित्सकांची एफआरसीएस ही कठीण परीक्षा उत्तीर्ण झाले.

मग दुसरे महायुद्ध आले. चार्नली सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य माघारी आणले गेले, त्या धामधुमीत ते होते. पुढे त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. कैरोमध्ये जखमी सैनिकांच्या हातापायांना लागणारे स्प्लिंट आणि शस्त्रक्रियेची हत्यारे तयार करण्याच्या कामात ते रमले. डॉक्टरने कागदावर आराखडा काढावा, कारागिराने तो धातूत उतरवावा, पुन्हा रुग्णावर लावून पाहावा आणि जमले नाही तर पुन्हा कारागिराकडे जावे, ही सवय त्यांना तिथे लागली. ती आयुष्यभर सुटली नाही. पुढे त्यांनी घरीही वर्कशॉप थाटले आणि लेथवर स्वतः काम केले.

युद्धानंतरचा एक प्रसंग त्यांचा स्वभाव सांगून जातो. हाडाचे कलम कसे रुजते याचे त्यांना कुतूहल होते. त्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याला गळ घालून स्वतःच्याच नडगीच्या हाडावर प्रयोगाची शस्त्रक्रिया करवून घेतली. जखमेत पू झाला, जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला आणि पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. हाडातला जंतुसंसर्ग म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाबाहेर कळले. हा अनुभव पुढे त्यांच्या कामी आला.

१९४७मध्ये ते मँचेस्टरच्या मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञ म्हणून रुजू झाले. १९५०मध्ये त्यांचे अस्थिभंगाच्या, विनाशस्त्रक्रिया उपचारांवरचे पुस्तक आले. मोडलेले हाड नीट बसवून प्लास्टर कसे घालावे, याचे यांत्रिकी गणित त्यात मांडले होते. एवढ्यावरही त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांचे मन खुब्याच्या सांध्याने व्यापले.

खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा वरचा गोळा आणि कमरेच्या हाडातली खोलगट वाटी. दोन्हींवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. संधिवाताने किंवा वयोमानाने हा थर झिजला की हाडावर हाड घासते. पाऊल टाकवत नाही, मांडी घालून बसता येत नाही, रात्री कूस बदलताना झोप मोडते. त्या काळी अशा रुग्णांपुढे फार थोडे पर्याय होते. सांधा कायमचा जोडून टाकायचा, म्हणजे वेदना जाते पण हालचालही जाते. किंवा गोळाच काढून टाकायचा, म्हणजे हालचाल राहते पण आधार जातो.

फ्रान्समध्ये ज्युडे बंधूंनी १९४६पासून खराब गोळ्याच्या जागी अॅक्रिलिकचा गोळा बसवायला सुरुवात केली होती. असाच एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. तक्रार विचित्र होती. तो हालचाल करी तेव्हा खुबा करकर वाजे, इतका की घरातल्यांना ते असह्य होई. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने हे हसून सोडून दिले असते. चार्नली विचार करत बसले. दाराची बिजागरी कधी करकरते? घर्षण वाढले की. मग निरोगी सांधा का वाजत नाही?

त्यांनी प्राण्यांच्या आणि शस्त्रक्रियेत कापाव्या लागलेल्या पायांच्या ताज्या सांध्यांवर घर्षण मोजायला सुरुवात केली. कूर्चेवर कूर्चा सरकताना घर्षणगुणांक साधारण ०.०१च्या आसपास येत होता. बर्फावरून घसरणाऱ्या स्केटलाही मागे टाकील असा हा निसरडेपणा. सांध्यातला द्रव हे वंगण आहे खरे, पण ते कूर्चेसाठी बनलेले आहे. धातू किंवा प्लास्टिक तिथे बसवले तर त्या वंगणाचा भरवसा धरता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे वंगणाशिवायही निसरडा राहील असा पदार्थ हवा. मँचेस्टरच्या अभियंत्यांशी चर्चा करून त्यांनी जो पदार्थ निवडला, तो टेफ्लॉन. आमच्या वर्गातल्या मुलीचेच उत्तर.

निवड अविचाराने केलेली नव्हती. टेफ्लॉन निसरडा होता आणि आम्ल, क्षार, कशालाच दाद देत नव्हता. म्हणजे शरीरही त्याला त्रास देणार नाही आणि तोही शरीराला, असे मानायला जागा होती.

त्याबरोबर त्यांनी आणखी दोन गोष्टी केल्या. पहिली, गोळा लहान केला. निसर्गाच्या मापाचा, चार सेंटिमीटरहून मोठा गोळा सोडून ते हळूहळू २२ मिलिमीटरपर्यंत खाली आले. कारण समजायला जाते आठवावे. जात्याचा खुंटा कडेला असतो म्हणून थोड्या जोरातही पाळू फिरते. तोच मध्याजवळ बसवला तर फिरवताना दम लागेल. तसेच सांध्यात घर्षण मध्यापासून जितक्या लांब, तितकी वाटी उपटून फिरवण्याची त्याची ताकद जास्त. गोळा लहान, तर वाटी सैल होण्याचा धोका कमी, शिवाय वाटीची भिंत जाड ठेवायला जागा मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे सिमेंट. दांडा हाडात पक्का बसवायचा कसा? कवळ्यांच्या कामात वापरले जाणारे अॅक्रिलिक मँचेस्टरच्या दंतवैद्यक विभागातले संशोधक डेनिस स्मिथ यांनी सुचवले. पिठासारखे मळून हाडाच्या पोकळीत भरायचे, दांडा खुपसायचा, काही मिनिटांत ते दगडासारखे घट्ट होते. हे डिंकासारखे चिकटवत नाही. गवंडी फरशीखालच्या पोकळ्या भरतो तसे ते खाचाखोचा भरते आणि शरीराचा भार एका बिंदूवर न पडता सगळ्या हाडावर पसरतो.

शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि निकाल पाहून लोक थक्क झाले. वर्षानुवर्षे काठीवर असलेले रुग्ण काही आठवड्यांत वेदनेशिवाय चालू लागले. विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात चार्नली यांनी खुब्याचे खास केंद्र उभारायला घेतले. हे मूळचे क्षयरोग्यांचे रुग्णालय. नवी औषधे आल्यामुळे क्षयाच्या खाटा रिकाम्या होत होत्या.

आणि मग, तीन-चार वर्षांत, तेच रुग्ण परत येऊ लागले. दुखणे पुन्हा सुरू झाले होते. एक्स-रेमध्ये गोळा वाटीच्या तळात रुतत चाललेला दिसे. सांधा उघडला की आत दह्याच्या घट्ट साक्यासारखा पांढरट लगदा सापडे. टेफ्लॉन निसरडा होता, पण मऊ होता. माणूस चालतो तेव्हा खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण तिप्पट भार येतो आणि प्रत्येक पाय वर्षाकाठी दहा लाखांच्या घरात पावले टाकतो. त्या भाराखाली टेफ्लॉनची भुकटी होत होती. शरीराने टेफ्लॉनचा अखंड तुकडा सहन केला असता, पण भुकटी हे वेगळेच प्रकरण निघाले. आपल्या भक्षक पेशी परका कण दिसला की त्याला गिळतात. हा कण त्यांना पचवता येईना. पेशींवर पेशी जमत गेल्या, त्यांच्या गाठी झाल्या आणि त्या दाहात आजूबाजूचे हाड खाल्ले गेले.

जवळपास तीनशे रुग्णांच्या शरीरात या वाट्या होत्या. आपल्या व्यवसायात या टप्प्यावर काय काय करता येते, हे मी चांगले जाणतो. दोष रुग्णाच्या वजनाला देता येतो, हाडाला देता येतो, काही रुग्ण 'फॉलोअप'ला आलेच नाहीत असे लिहिता येते. चार्नली यांनी यातले काही केले नाही. अपयश उघड मांडले आणि त्या वाट्या काढण्याच्या शस्त्रक्रिया दुसऱ्यांकडे न सोपवता स्वतः केल्या. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा ही दुसरी कितीतरी अवघड असते.

शरीरावर भुकटीचा परिणाम समजून घ्यायचा तर प्रयोग कुणावर करायचा? त्यांनी पुन्हा स्वतःला निवडले. टेफ्लॉनची आणि दुसऱ्या एका प्लास्टिकची बारीक भुकटी त्यांनी स्वतःच्या मांडीत घालून घेतली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी स्पष्ट गाठी हाताला लागत होत्या. दुसऱ्या प्लास्टिकच्या जागी काहीच जाणवत नव्हते. हा निष्कर्ष त्यांनी १९६३मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

हे दुसरे प्लास्टिक कुठून आले, हा या कथेतला सगळ्यात शिकण्यासारखा भाग. राइटिंग्टनच्या प्रयोगशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचे तंत्रज्ञ होते. पदार्थांची झीज मोजण्यासाठी तिथे एक यंत्र बनवले होते. भार दिलेला धातू प्लास्टिकच्या तुकड्यावर रात्रंदिवस पुढे-मागे घासायचा आणि किती खोल खड्डा पडतो ते मोजायचे, एवढेच त्याचे काम. १९६२च्या मे महिन्यात कापडगिरण्यांच्या मागांसाठी प्लास्टिकची चक्रे विकणारा एक विक्रेता तिथे आला आणि जर्मनीत तयार झालेल्या एका नव्या पॉलिथिलीनचा तुकडा देऊन गेला. आपल्या दुधाच्या पिशवीचेच हे भावंड, पण त्याच्या रेणूंच्या साखळ्या फारच लांब आणि एकमेकींत गुंतलेल्या. चार्नली यांनी तुकड्यात अंगठ्याचे नख रुतवून पाहिले आणि तो निकामी ठरवला. नख रुतते ते पोलादापुढे काय टिकणार? शिवाय तक्त्यात पॉलिथिलीनचे घर्षण जास्त.

क्रेव्हन यांनी तो तुकडा तरीही यंत्रावर चढवला. त्या सुमारास चार्नली परदेशी, कोपनहेगनला गेले होते. ते परतले तेव्हा यंत्र तीन आठवडे अखंड चालले होते. त्या तीन आठवड्यांत या पॉलिथिलीनची जेवढी झीज झाली, तिच्यापेक्षा जास्त झीज टेफ्लॉनची एका दिवसात झाली होती. नखाचा अंदाज आणि तक्त्यातला आकडा, दोन्ही बाजूला पडले. चार्नली यांनी आपले मत तत्काळ बदलले. नोव्हेंबर १९६२मध्ये या पदार्थाची पहिली वाटी रुग्णाला बसवली गेली. आजही जगातल्या बहुसंख्य कृत्रिम खुब्यांमध्ये वाटीचे अस्तर याच कुळातल्या पॉलिथिलीनचे असते.

यानंतरचे चार्नली मला अधिक मोठे वाटतात. हातात यशस्वी सांधा होता, मागणी प्रचंड होती. तरी पहिल्या रुग्णांची काही वर्षांची प्रगती पाहिल्याशिवाय त्यांनी तो सर्वत्र विकू दिला नाही. पुढेही बराच काळ नियम असा होता, की ज्याला हा सांधा वापरायचा आहे त्या शल्यचिकित्सकाने आधी राइटिंग्टनला येऊन शस्त्रक्रिया शिकायची, मगच कंपनी त्याला सांधा देणार. रुग्णांकडून ते आणखी एक संमती मागत: मृत्यूनंतर खुबा तपासणीसाठी परत द्यायचा. अनेक रुग्णांनी ती आनंदाने दिली. वर्षानुवर्षे माणसाच्या शरीरात राहिलेल्या वाटीची प्रत्यक्ष झीज किती, हे अशा सांध्यांवरून कळत गेले.

जंतुसंसर्गाचा प्रश्नही त्यांनी याच पद्धतीने सोडवला. सुरुवातीला शंभरातल्या सात ते नऊ रुग्णांच्या सांध्यात संसर्ग होई. स्वतःच्या नडगीचा अनुभव गाठीशी असलेल्या या डॉक्टरला ते मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांनी शस्त्रक्रियेच्या टेबलाभोवती काचेच्या खोलीसारखे आवरण उभारले, आत गाळलेली स्वच्छ हवा सोडली, शल्यचिकित्सकांचा उच्छ्वास नळीवाटे बाहेर नेणारा पोशाख तयार केला. काही वर्षांत हे प्रमाण एका टक्क्याच्या खाली आले. आजच्या सांधेबदलाच्या ऑपरेशन थिएटरमधील हवेच्या व्यवस्थेचे मूळ इथे आहे.

मानसन्मान मिळत गेले. १९७४मध्ये अमेरिकेतील लास्कर पुरस्कार, १९७५मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७मध्ये 'सर' हा किताब. ५ ऑगस्ट १९८२ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतरही तो धडा संपला नाही. पॉलिथिलीनही थोडे थोडे झिजतेच आणि पंधरा-वीस वर्षांत त्याचे कणही हाड पोखरू शकतात, हे पुढे लक्षात आले. म्हणून विसाव्या शतकाच्या अखेरीस किरणांचा मारा करून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या गेल्या आणि झीज आणखी कमी झाली. दुसरीकडे, मोठा धातूचा गोळा आणि धातूचीच वाटी असे सांधे पुन्हा बाजारात आले. धातू झिजत नाही, असा भरवसा होता. पण सूक्ष्म कण आणि धातूचे आयन रक्तात उतरू लागले, आजूबाजूच्या ऊती खराब झाल्या आणि २०१०मध्ये त्यातला एक प्रकार जगभरातून परत घ्यावा लागला. भारतातल्या रुग्णांनाही तो बसवला गेला होता. टेफ्लॉननंतर अर्धशतकाने पुन्हा तीच चूक.

वर्गात एवढे सांगून मी थांबलो. मग त्या मुलीला विचारले, आता वाटी कशाची करशील? तिने लगेच उत्तर दिले नाही. आधी विचारले, किती वजनाचा माणूस, किती वर्षे चालणार आणि झिजलेला भाग जाणार कुठे? मला वाटते, धडा तिला समजला. तक्त्यातला प्रत्येक आकडा खरा असतो, पण तो एकाच प्रश्नाचे उत्तर असतो. किती निसरडे, हा एक प्रश्न. किती झिजते, हा दुसरा. झिजलेल्या कणाला शरीर काय करते, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला चालत नाही. त्यांच्या सरांनी पुढच्या तासाला मुलांकडून छोटा प्रयोग करून घ्यायचे ठरवले आहे. वेगवेगळ्या प्लास्टिकचे तुकडे, एकच पॉलिश पेपर, वर सारखेच वजन, घासण्याच्या फेऱ्या सारख्याच आणि आधी-नंतर तराजूवर वजन. हॅरी क्रेव्हन यांचे यंत्र याहून फारसे वेगळे नव्हते.

ज्यांच्या घरात कुणाचा खुबा किंवा गुडघा बदलला आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. डिस्चार्ज कार्डाबरोबर सांध्याची माहिती असलेले स्टिकर किंवा कार्ड मिळते. त्यावर सांध्याचा प्रकार, माप आणि क्रमांक असतो. ते हरवू देऊ नका. उद्या एखादा प्रकार सदोष ठरला किंवा सांधा पुन्हा बदलावा लागला, तर ते लागणारच. मिळाले नसेल तर रुग्णालयातून मागून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे, दुखत नसले तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी तपासणीला आणि एक्स-रेला जा. वाटीची झीज सुरुवातीला दुखत नाही, ती एक्स-रेमध्ये आधी दिसते. आमच्याकडे पहिल्या वर्षानंतर फारच कमी रुग्ण परत येतात. चार्नली यांचे रुग्ण तपासणीला येत राहिले, मृत्यूनंतर खुबा परत द्यायलाही तयार झाले. आज आपल्या आई-वडिलांना मिळणारा सांधा टिकतो, त्यात त्या रुग्णांचाही वाटा आहे.